डीएनबी फॅमिली मेडिसिन: थीसिस आपल्या ओपीडीतल्याच प्रश्नावर करायचाय, मदत कुठून मिळवू? इंदूर

रामबागची_रेसिडेंट

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. एमबीबीएस झाल्यावर इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात डीएनबी फॅमिली मेडिसिनला, म्हणजे फॅमिली डॉक्टरकीच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर कोर्सला लागले, पहिलं वर्ष चालू आहे आणि थीसिसचा प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) द्यायची वेळ अगदी तोंडावर आलीय. लांबलचक होणार आहे, पण आजूबाजूला विचारायला कोणी नाही म्हणून सगळंच लिहिते. आमच्याकडे फॅमिली मेडिसिनचे आम्ही दोघंच, मी आणि एक सीनियर, आणि तो आता फायनलच्या अभ्यासाला बसलाय, त्याला तरी किती त्रास देणार.

अडचण अशी की आमचं सगळं रोटेशनवर. काही महिने मेडिसिन मग सर्जरी मग गायनिक मग पेडियाट्रिक्स मग कॅज्युअल्टी, एका ठिकाणी जरा रुळलं की उचला बॅग. मेडिसिनवाले रेसिडेंट तीन वर्षं त्याच वॉर्डात, पेशंट त्यांच्या समोर, थीसिस रोजच्या कामातच होत जातो. माझा पेशंट माझ्या हातात राहतच नाही. गाइड सर मेडिसिनचे आहेत, शिकवतात अगदी मनापासून, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण विषय विचारायला गेले तर म्हणाले आयसीयूत सेप्सिसचे (अंगभर इन्फेक्शन पसरलेले) पेशंट भरपूर आहेत, प्रोकॅल्सिटोनिनवर (त्याची रक्ततपासणी) काहीतरी घेऊन टाक, सहा महिन्यांत डेटा होईल, आधीच्या दोघांनी तेच केलं. मी म्हटलं सर यात फॅमिली मेडिसिन कुठे आलं, तर म्हणाले आधी पास हो, मग कर काय करायचं ते. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षं जे शिकायला आलेय त्यातला एकुलता एक रिसर्च मी आयसीयूत करायचा, जिथे पुढे मी काम करणारच नाहीये?

आता मला काय करायचंय ते. बाबांचा रामबागेत दवाखाना आहे, मी जन्मायच्या आधीपासूनचा. बाबा अजून रजिस्टर लिहितात, ती लाल कापडी पाठीची लांब वही असते ना दुकानदारांकडे, तीच. नाव, वय, तक्रार, बीपी, औषध, पैसे. बीपी १४० च्या वर गेलं की आकडा लाल पेनाने. मागच्या महिन्यात एका रविवारी त्यांच्या खुर्चीत बसून सहज वह्या चाळत होते तर दिसलं की बऱ्याच लाल आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात दोन शब्द आहेत, "घरी ठीक". १६०/९६, घरी ठीक. १५२/९०, घरी ठीक. एका आजोबांच्या नावापुढे तर सलग तीन महिने. बाबांना विचारलं तर म्हणाले अगं त्यांचा मुलगा घरी मशीनवर मोजतो, तिथे बरोबर येतं, माझ्यासमोर बसले की चढतं, म्हणून मी गोळी वाढवली नाही. मी विचारलं घरी कसं मोजतात, कोणत्या हाताला, किती वेळा, गोळीच्या आधी की नंतर? बाबा जरा थांबले आणि म्हणाले, ते कधी विचारलं नाही.

मला हेच शोधायचंय. दवाखान्यात बीपी जास्त येणाऱ्यांपैकी किती जणांचं घरी नीट मोजलं तर खरंच ठीक निघतं. कारण या दोन शब्दांवर बाबाच काय, सगळेच फॅमिली डॉक्टर रोज गोळी वाढवायची की नाही ते ठरवतात. आणि आपल्या इंदुरात मिठाचा वेगळाच मामला आहे, सकाळी पोह्यांवर मूठभर शेव आणि वरून जीरावन (इथला खारट मसाला), ते मीठ कोणी मीठ म्हणून धरतच नाही, विचारलं की "नमक तो कम ही खाते हैं डॉक्टरसाब". डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली ठेवा, इथे ते नाश्त्यालाच किती होत असेल देव जाणे.

तर विचारायचं असं की हा विषय थीसिसला चालेल का, गाइड सरांना न दुखवता कसं सांगू, किती पेशंट लागतील, बाबांच्या वह्यांमधला डेटा वापरता येतो का, आणि स्टॅटिस्टिक्ससाठी कोणाला धरू? एक जण भेटला तो म्हणाला मॅडम पॅकेज घ्या, प्रोटोकॉलपासून डिस्कशनपर्यंत सगळं लिहून देतो. मला ते करायचं नाहीये. कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज लिहा.


सुदामानगरवाला

अगं, पहिल्यांदा एकच सांगतो, हा विषय सोडू नकोस. मी फॅमिली मेडिसिनचं डीएनबी करून आता चार वर्षं सुदामानगरात प्रॅक्टिस करतोय आणि तुझं ते "घरी ठीक" वाचल्यावर माझ्याच कालच्या ओपीडीतले तीन पेशंट डोळ्यासमोर आले. त्या पॅकेजवाल्याचा नंबर आत्ता डिलीट कर. माझ्या बॅचच्या एकाने घेतलं होतं, लिहून आलं सगळं सुबक, पण वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्झामिनरनी विचारलं स्टॅटिस्टिक्सचा हाच टेस्ट का लावला, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो हुशार मुलगा होता, त्याला तसं बसलेलं बघवलं नाही.

माझी चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. मी डायबेटिसच्या पेशंटना तीनदा बोलवायचा अभ्यास घेतला, सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. कागदावर फार छान दिसत होतं. पहिल्या व्हिजिटचे पेशंट मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये झटपट झाले, आणि मग माझं गायनिक लागलं. तिथे लेबर रूममधून दुपारी सुटायचो तोवर ओपीडी संपलेली, पेशंट येऊन माझी वाट बघून निघून गेलेले. मग दिवाळी आली, लोक गावाला गेले. शेवटी निम्म्याहून कमी पेशंट तिसऱ्या वेळेला उरले आणि विषयच बदलावा लागला, त्यात एक टर्म गेली. हॉस्पिटलने मला थीसिससाठी आठवड्यातला एक तासही मोकळा दिला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता हे खरं.

म्हणून रोटेशनमध्ये टिकेल असाच अभ्यास आख. तुझा टिकतो, कारण पेशंट तुझ्याकडे एकदाच यायचाय, मशीन घेऊन जायचंय आणि आठवड्याने मशीन नि कागद परत द्यायचाय. आठवड्यातला एक ओपीडीचा दिवस ठरव, समज गुरुवार, आणि तू कुठल्याही पोस्टिंगला असलीस तरी गुरुवारी दहा ते बारा तुला सोडायचं हे प्रोटोकॉलसोबतच गाइडच्या सहीने लिहून घे. तोंडी नको, कारण पोस्टिंग बदललं की समोरचे सर बदलतात आणि त्यांना तुझं काही माहीत नसतं.

गाइडना पटवायचं तर भांडू नकोस. त्यांना भीती कसली आहे ते बघ, तुझा डेटा वेळेत होणार नाही ही. त्यांच्यासमोर एका पानावर आठवड्यांचा हिशोब ठेव, किती पेशंट, किती मशीन, कधी संपणार. माझे गाइड सर्जन होते, विषय ऐकून दोन मिनिटं गप्प बसले होते, हिशोब बघितल्यावर म्हणाले ठीक आहे कर. आणि को-गाइड म्हणून पीएसएमचं (कम्युनिटी मेडिसिनचं) कोणीतरी घे, तुमच्या हॉस्पिटलात नसेल तर मेडिकल कॉलेजच्या डिपार्टमेंटला जाऊन भेट, मेलवर उत्तर येत नाही, समोर जाऊन बसलं की लोक खरंच वेळ देतात.

अजून एक, आधी घरच्याच दहा जणांवर करून बघ. माझ्या फॉर्ममध्ये "तंबाखू खाता का" हो किंवा नाही एवढंच होतं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की लोक गुटख्याला तंबाखू धरतच नाहीत. तुझ्याकडे तेच जीरावनचं होणार. मीठ किती खाता असं विचारलंस तर सगळे कमीच सांगतील. पोह्यांवर शेव घेता का, किती वेळा, लोणचं, पापड, कचोरी, असं नाव घेऊन विचार.


पीएसएमची_मास्तरीण

मी मेडिकल कॉलेजमध्ये कम्युनिटी मेडिसिन शिकवते, दर वर्षी पीजींचे प्रोटोकॉल बघते, आणि इतका स्वच्छ प्रश्न क्वचितच येतो हे आधी सांगते. बहुतेक जण आधी विषय घेऊन येतात आणि प्रश्न मागाहून शोधतात. तुमचा प्रश्न पेन्सिलीने आधीच लिहिलेला आहे.

तुमच्या सरांचं म्हणणं की डेटा आयसीयूत आहे, त्यावर एक जुनी गोष्ट सांगते. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकड्यांवरून हिशोब मांडला होता की १००० मोठी माणसं घेतली तर एका महिन्यात ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण हॉस्पिटलात भरती होतात आणि फक्त १ जण युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो. आणि विद्यार्थी शिकतात त्या एकावरून. २००१ मध्ये अमेरिकेत हाच हिशोब पुन्हा केला गेला तेव्हाही चित्र जवळपास तसंच निघालं. ते २५० जण तुमच्या बाबांच्या बाकावर बसलेले असतात. त्यांच्यावर अभ्यास फॅमिली मेडिसिनवाल्यांनी नाही केला तर कोण करणार.

आता कामाचं. सॅम्पल साइझला, म्हणजे किती पेशंट लागतील त्याला, आपल्याकडे सगळे वापरतात तो साधा फॉर्म्युला, ४ गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डी चा वर्ग. पी म्हणजे शंभरात किती जणांचं घरी ठीक निघेल असा अंदाज, क्यू म्हणजे उरलेले, डी म्हणजे किती टक्के इकडेतिकडे चालेल. समजा आधीच्या एखाद्या अभ्यासातून तुम्ही पी ३० टक्के धरला तर क्यू ७०. पाच टक्क्यांची अचूकता हवी असेल तर ३३६ पेशंट लागतात, सात टक्के चालत असेल तर ८४०० भागिले ४९ म्हणजे १७२. दहा टक्के लोक मधेच सोडतील असं धरून १९१. पी मात्र मनाने घ्यायचा नाही, आपल्या देशातला आणि शक्यतो ओपीडीतला अभ्यास शोधा आणि तोच प्रोटोकॉलमध्ये लिहा. ओपनएपी नावाचं फुकट कॅल्क्युलेटर आहे, हाताने केलेलं तिथे तपासून घ्या.

मग तुमच्या गुरुवारचं बघा. दर आठवड्याला चार पेशंट घेतलेत तर १९१ व्हायला ४८ आठवडे. मशीन प्रत्येकाकडे आठवडाभर राहणार, म्हणजे चार मशीन लागतील. हाच हिशोब सरांना दाखवा.

मोजण्याची पद्धत पेशंटला तोंडी सांगू नका, चित्राच्या कागदावर द्या. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीवर टेबलावर, कफ (मशीनचा फुगणारा पट्टा) उघड्या दंडावर. सकाळी गोळीच्या आणि चहाच्या आधी दोन रीडिंग एका मिनिटाच्या अंतराने, संध्याकाळी तशीच दोन. सात दिवसांचे २८ आकडे होतात, पहिल्या दिवसाचे चार सोडायचे आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढायची. दवाखान्यात हद्द १४०/९०, घरी १३५/८५, हा फरक प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहा. बरेच जण घरीसुद्धा १४० च धरतात आणि तिथेच सगळं चुकतं. तुमच्या बाबांच्या "ठीक" मध्येही बहुतेक हेच झालं असणार, १३८ आलं की मुलगा म्हणतो ठीक आहे. दंड जाड असेल तर मोठा कफ लागतो, लहान कफने बीपी खोटं जास्त येतं, म्हणून दंडाचा घेर टेपने मोजून फॉर्मवर लिहा.

एथिक्स कमिटीचं. तुमच्या हॉस्पिटलच्या कमिटीची मीटिंग कधी असते ते आजच विचारा, काही ठिकाणी तीन-तीन महिन्यांनी होते आणि तेवढ्यात तुमची तारीख निघून जाईल. पेशंटचं संमतीपत्रक हिंदी आणि मराठी दोन्हीत हवं, आपल्याकडे निम्मी ओपीडी माळवी बोलते, त्यामुळे हिंदी सोपी ठेवा, कोर्टातली नको. पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या देशातल्या नोंदवहीत, नोंदणी करून टाका, तुमचा अभ्यास नुसत्या निरीक्षणाचा असला तरी करता येते आणि पैसे लागत नाहीत. औषधाची ट्रायल असती तर १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधी नोंदणी केल्याशिवाय चालतच नाही.

वह्यांबद्दल सावध राहा. थीसिस हॉस्पिटलच्या ओपीडीतच ठेवा, त्यात दवाखान्याचा डेटा मिसळू नका. वह्यांचा अभ्यास वेगळा करा, वेगळ्या परवानगीने. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जुन्या नोंदींवरचा अभ्यास असेल आणि नावं काढून टाकली असतील तर कमिटी प्रत्येक पेशंटच्या संमतीची अट माफ करू शकते. पण ती माफी कमिटीने द्यायची असते, आपण घ्यायची नसते. वहीचे फोटो मोबाइलवर काढून कोणाला पाठवू नका, अगदी मलासुद्धा नाही.

शिकण्यासाठी आयसीएमआरच्याच चेन्नईतल्या एनआयई या संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च करा. एमडी एमएसच्या मुलांना तो करावाच लागतो, तुम्ही डीएनबीच्या असलात तरी करा, व्हिडिओ फुकट आहेत आणि प्रश्न कसा मांडायचा इथपासून सुरू होतो. रात्री ड्यूटीनंतर एक एक बघितलात तरी महिन्या-दोन महिन्यांत संपतो.


जुना_जीपी_राजवाडा

पोरी, मी राजवाड्याजवळ ४१ वर्षं प्रॅक्टिस केली, आता सकाळीच दोन तास बसतो. टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात लिहितो.

आमच्या काळात जीपीने रिसर्च करायचा असतो असं कोणी सांगितलंच नाही. रिसर्च म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या प्रोफेसरांचं काम, आपण पेशंट बघायचे आणि अवघड वाटला की एमवायला, इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, पाठवायचा. पण आपल्याच लोकांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघ. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, कोकणात विंचू चावून माणसं मरत होती, पुस्तकात उपाय नव्हता, तर ते स्वतः पेशंटच्या खाटेशी बसून राहायचे, काय काय होतं ते लिहून ठेवायचे. त्यांचं लिखाण १९८२ ला लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, मग प्राझोसिनची गोळी त्यांनी विंचवाच्या पेशंटला वापरून दाखवली आणि त्याने माणसं वाचायला लागली. २०११ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी यांची ट्रायल बीएमजे या दुसऱ्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आली. २०२२ ला पद्मश्री. त्यांच्याकडे कुठलं मोठं डिपार्टमेंट होतं? पेशंट होता आणि वही होती.

मी ४१ वर्षांत किती गोवर बघितले, किती कावीळ बघितली, कुठल्या गल्लीत पहिली लागली आणि मग कुठे गेली ते मला तोंडपाठ असायचं. पावसाळ्यात कुठला नळ गढूळ आला की चार आठवड्यांनी त्याच बाजूचे पेशंट डोळे पिवळे घेऊन येणार हे मी बायकोला आधीच सांगायचो. लिहिलं मात्र काही नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, खरं सांगतो, कारण ते आता माझ्याबरोबरच जाणार.

तुझ्या बाबांना मी बहुधा ओळखत असेन, पण इथे नाव नको. त्यांना सांग वही जपून ठेवा, वाळवी लागते. माझ्याकडे दोन बीपी मशीन आहेत, मुलाने अमेरिकेहून येताना आणली, एक तर डब्यातून काढलेलंही नाही. तुला चार लागणार म्हणतात ना या मॅडम, तर दोन माझी घेऊन जा, काम झालं की आणून दे.


रामबागची_रेसिडेंट

काका, काय बोलू, खरंच डोळे भरून आले. मशीन घ्यायला नक्की येते, पण आधी मॅडमना विचारते की दोन वेगळ्या कंपन्यांची मशीन एकाच अभ्यासात चालतात का?

आज सरांना एका पानाचा हिशोब दाखवला. १९१ पेशंट, ४८ आठवडे, चार मशीन, गुरुवार दहा ते बारा. सरांनी चष्मा काढून दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की मशीन हरवलं तर? मला ते सुचलंच नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं की डिपॉझिट घेऊ नकोस, गरीब पेशंट येणार नाहीत आणि तुझा सॅम्पल बिघडेल, त्यापेक्षा पत्ता आणि घरच्या दोघांचे फोन घे. म्हणजे सर विचार करायला लागलेत! गुरुवारचं लिहून द्यायला मात्र त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, म्हणाले मेडिकल सुपरिटेंडेंटशी बोलावं लागेल. सीनियरने सांगितलं की हॉस्पिटलात एथिक्स कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी आहे आणि कागद पंधरा दिवस आधी द्यावे लागतात, म्हणजे माझ्याकडे जेमतेम नऊ दिवस उरलेत.

पैशांचं मात्र अडतंय. स्टायपेंडमधून दोन मशीन घेता येतील, पण छपाई, कागद, पेशंटच्या फोनचा खर्च असं धरलं तर बरंच होतं. यासाठी कुठून मदत मिळते का?


मांडवी_बडोदा

मी बडोद्याची, माझंही फॅमिली मेडिसिन, दुसरं वर्ष. ताई तुझा धागा आमच्या ग्रुपवर फिरतोय.

पैशांचं सांगते. आयसीएमआर पीजी थीसिसला अर्थसाहाय्य देत आलंय, त्यांची चालू जाहिरात नीट वाच, कोर्सच्या यादीत डीएनबी आहे का आणि तारीख काय ते बघ, आणि एथिक्सचं पत्र आधी हातात ठेव म्हणजे धावपळ होत नाही. मी फॉर्म कागदावर छापलेच नाहीत, कोबोटूलबॉक्सवर बनवले, ते फुकट आहे, मोबाइलवर नेट नसलं तरी चालतं आणि नंतर थेट एक्सेलमध्ये उतरतं, त्यामुळे आकडे पुन्हा भरताना होणाऱ्या चुका वाचल्या. रेफरन्ससाठी झोटेरो, तेही फुकट. माझ्या आधीच्या मुलाने शंभर रेफरन्स हाताने लिहिले होते आणि शेवटच्या आठवड्यात क्रम बदलल्यावर सगळे पुन्हा, त्याचे हाल बघून मी पहिल्या दिवसापासून झोटेरो लावलं.

दुसरं म्हणजे एकटी राहू नकोस. आम्ही चार जणी आहोत, चौघी वेगवेगळ्या हॉस्पिटलांत एकेकट्या, तर दर रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर बसतो. एक जण एक पेपर वाचून सांगते आणि मग प्रत्येकीने त्या आठवड्यात थीसिसचं काय केलं ते सांगायचं. काहीच केलं नसेल तर तेही सांगायचं. नुसतं रविवारी सांगावं लागणार म्हणून शनिवारी रात्री मी दोन तास बसते. तू ये, वेळ तीच, तुला लिंक पाठवते. आमच्यात एकीने एएफपीआयच्या (देशातल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेच्या) कॉन्फरन्सला पोस्टर लावलं, तिथे तिला भेटलेल्या एका सरांनी पुढे तिचं पूर्ण मॅन्युस्क्रिप्ट तपासून दिलं, ओळख ना देख.

छापायचं आत्तापासून डोक्यात ठेव. एएफपीआयचं जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर २०१२ पासून निघतं, आपल्यासारख्यांचे अभ्यास तिथे येतात, जुने अंक चाळ म्हणजे तुझ्या बीपीच्या विषयावर कोणी काय केलंय तेही सापडेल. तीन दिवसांत छापून देतो असा मेल आला तर उघडूही नकोस. आणि लेखकांची नावं कोणाची, कोणत्या क्रमाने, हे गाइड, को-गाइड आणि तू असं तिघांनी सुरुवातीलाच बोलून घ्या. नंतर बोलायला फार जड जातं, माझ्या बाबतीत झालंय, काम न केलेलं एक नाव शेवटच्या क्षणी घालावं लागलं आणि मी काही बोलू शकले नाही.


पीएसएमची_मास्तरीण

मशीनबद्दल: एकाच मॉडेलची चार घेतलीत तर उत्तम. नाहीच जमलं तर मॉडेल कोणतंही असो, ते तपासून मान्य झालेलं आहे का हे स्ट्राइड बीपीच्या यादीत बघा, आणि कोणत्या पेशंटला कोणतं मशीन दिलं ते फॉर्मवर लिहा म्हणजे ॲनालिसिसमध्ये वेगळं करून बघता येतं. मनगटावरची मशीन घेऊ नका. अमेरिकेहून आलेलं असेल तर ॲडॉप्टरने लावू नका, बॅटरीवर चालवा. मशीनच्या मेमरीत रीडिंग राहतात ते फार उपयोगी पडतं, कारण पेशंट कागदावर गोल आकडे लिहितो, १३०, १४०, नाहीतर जे डॉक्टरला आवडेल ते. परत आल्यावर मेमरी आणि कागद दोन्ही ताडून बघा. हा फरक किती निघतो तेसुद्धा लिहिण्यासारखं आहे.

आणि प्रोटोकॉलचा ड्राफ्ट मला रविवारपर्यंत पाठवा. नऊ दिवस कमी आहेत पण पुरतील.


रामबागची_रेसिडेंट

मॅडम, ड्राफ्ट शनिवारी रात्रीच पाठवते. बडोदा, रविवारी नऊला मी आहे.

काकांची दोन्ही मशीन आज घेऊन आले, दोन्ही दंडाचीच आहेत, एकाच मॉडेलची, आणि यादीत ते मॉडेल सापडलं. म्हणून मी पण तेच मागवतेय, म्हणजे चारही सारखी. एकावर १ आणि एकावर २ असं पांढऱ्या टेपवर लिहून चिकटवलं. शेजारच्या आजींना बसवून चित्राचा कागद दिला आणि मी काहीच बोलायचं नाही असं ठरवून नुसती बघत बसले. आजींनी ब्लाउजच्या बाहीवरूनच कफ बांधला, मग बोलायला लागल्या, मशीन फुगत असताना सूनबाईला कुकरची शिटी मोजायला सांगितली, आणि आकडा आल्यावर मला विचारलं, ठीक आहे ना गं? चित्रात हात उघडा आहे हे त्यांना दिसलंच नाही, कारण मी काढलेल्या चित्रातल्या माणसाने बनियन घातलंय, बाही वर करायची हे त्यात कुठे कळतच नाही. आता नऊवारीतली बाई, सलवार कमीझमधली बाई आणि पुरुष अशी तीन चित्रं काढतेय आणि वर मोठ्या अक्षरात "मशीन चालू असताना बोलू नका" हिंदी आणि मराठीत. कोणाला चित्रं बरी काढता येत असतील तर सांगा, माझी फार कच्ची आहेत.